ढेप-मीटर

दुकानदारानं विचारलं, "चालवणार कोण?"

मी म्हणालो, "मी."

पुण्याच्या बोहरी आळीतल्या त्या दुकानात तेव्हा आणखी तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही वळून माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वाचायचा चष्मा कपाळावर, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक तांबडं. बावन्न वर्षांत मी ट्रकचं एकही चाक खोललेलं नाही. खोलताना पाहिलेली मात्र शेकड्यांनी आहेत, आणि पाहून पाहून येतंच, यावर आमच्या घराण्याची गाढ श्रद्धा आहे. क्रिकेटबद्दलही आमचं हेच मत आहे.

मला गन घ्यायची होती. इम्पॅक्ट रेंच असं भारदस्त नाव फक्त डब्यावर असतं. आमच्या धंद्यात ती गन. टायरवाल्याकडे असते ती हवेची, कॉम्प्रेसरच्या नळीला बांधलेली. मला हवी होती बॅटरीची. आमच्या उसाच्या दोन ट्रॉल्या ज्या जागी पंक्चर होतात तिथं कॉम्प्रेसर नेणं सोडा, मोटरसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. शिवाय हंगाम संपला की या ट्रॉल्या सहा-सात महिने गोठ्यामागं पावसात उभ्या असतात. दिवाळीला बाहेर काढाव्यात तर नट आणि स्टड यांचा संसार असा गंजून एकजीव झालेला असतो, की त्यांना वेगळं करणं पाप वाटावं.

ते पाप आजवर मामा करत आले. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. माझ्या वडिलांच्या वेळचे. वडील 'मालक' होते, म्हणून मी 'धाकलं मालक'. वडील जाऊन चौदा वर्षं झाली, माझे केस पिकले, पण बढती मिळालेली नाही. मामांची पद्धत अशी: नटाला पाना लावायचा, पान्याच्या दांड्यावर चार फुटी लोखंडी पाईप चढवायचा, एका हातानं गाडीचा फाळका धरायचा आणि पाईपच्या टोकावर चढून उभं राहायचं. नट हलला तर ठीक. नाही हलला तर तिथंच तीन उड्या मारायच्या. तिसऱ्या उडीला 'कट्' असा एक कोरडा आवाज येतो. मामा खाली उतरतात आणि पुढच्या नटाला लागतात. गेल्या वर्षी तिसऱ्या उडीला पाईप निसटला आणि मामांचा उजवा गुडघा बंपरवर आपटला. तेव्हापासून ते पाईपवर डावा पाय आधी ठेवतात.

गन मामांच्या गुडघ्यासाठी घेतोय, असं मी घरी सांगितलं. हे निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं खरं म्हणजे माझे साडू. साडू या नात्यात मुळात काही वाईट नाही. दोन घरांतल्या दोन बहिणी एकमेकींना फोनवर काय सांगतात, त्यानं ते बिघडतं. साडूंचे दोन ट्रेलर आहेत. दिवाळीच्या फराळाला त्यांनी करंजी मोडता मोडता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, "आम्ही सोळाशेची घेतली. वीस व्होल्ट." सोळाशे काय, हे मला कळलं नाही. पण आपली त्याहून मोठी पाहिजे, हे तत्काळ कळलं.

त्या रात्रीपासून माझा अभ्यास सुरू झाला.

पहिला शोध लागला तो असा की सोळाशे म्हणजे न्यूटन-मीटर. आता न्यूटन-मीटर ही गोष्ट आमच्या भागात कुणाला समजावून सांगता येत नाही, आणि जी गोष्ट सांगता येत नाही तिची फुशारकीही मारता येत नाही. जुने मिस्त्री अजून किलो-मीटरमध्ये बोलतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला किती किलो टांगले. ते निदान डोळ्यांपुढं येतं. एक किलो म्हणजे सुमारे पावणेदहा न्यूटन, हे गणित शाळेत झालं होतं. मास्तरांनी ते पट्टीनं शिकवल्यामुळे आठवतही होतं. पण आमचा ट्रक नेतो गूळ. आमच्या घरात कुठलंही वजन शेवटी गुळात होतं. थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळी वडिलांनी डॉक्टरांना म्हटलं होतं, "म्हंजे ढेपेचा दहावा भाग म्हणा की!" तेव्हा मीही ठरवलं, आपण ढेपेत मोजू. तीस किलोची एक ढेप. ती एक मीटर दांड्याच्या टोकाला टांगली, की झाला एक ढेप-मीटर. न्यूटनसाहेबांच्या भाषेत साधारण दोनशे चौऱ्याण्णव.

आणि मग सगळं जग लख्ख दिसू लागलं.

ट्रकच्या चाकाचा नट, गाडीगणिक फरक सोडून, साडेपाचशे ते सातशे न्यूटन-मीटरनं आवळायचा असतो. म्हणजे दोनेक ढेपा, फार तर अडीचला जरा कमी. मोटारीचा नट शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटरचा. ती अर्धी ढेपसुद्धा नाही, नुसता खडा. साडूंची गन साडेपाच ढेपांना जरा कमी. मी माझं स्वतःचं वजन काढलं. शहाऐंशी किलो. एक मीटर पाईपच्या टोकाला मी नुसता उभा राहिलो, तरी आठशे चाळीस न्यूटन-मीटर! आयुष्यात पहिल्यांदा वजनाच्या काट्यानं मला इज्जत दिली. डॉक्टर ज्याला ओबेसिटी म्हणतात ती मुळात पावणेतीन ढेपांची बॅटरीविना चालणारी गन आहे, हे मी हिला रात्री साडेबाराला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग विकत कशाला घेता? तुम्हीच जावा की."

पण छंद लागला तो लागला. किल्लीनं कुलूप उघडताना किती ढेप, लोणच्याच्या बरणीचं झाकण किती ढेप, वाढदिवसाला जाऊबाईंचं नाव घेतल्यावर हिची मान वळते ती किती ढेप. रहाटाला, जात्याच्या खुंट्याला, हापशाच्या दांड्याला, दिसेल त्याला मी ढेप लावत सुटलो. गावातल्या हापशाचा दांडा पूर्वी लांब होता. तो मोडल्यावर पंचायतीनं आखूड बसवला आणि तेव्हापासून म्हाताऱ्या बायकांना पाणी काढता येत नाही, अशी तक्रार दोन वर्षं चालली होती. ग्रामसभेत मी सदस्यांना सांगत बसलो, की ढेप तेवढीच आहे, मीटर कमी झालाय. कुणाला काही कळलं नाही, पण दांडा बदलला. माझ्या सार्वजनिक जीवनातलं एवढं एकच यश, आणि तेही गुळाच्या जोरावर. असो. आपण गनवर होतो.

दुसरा शोध आनंदाचा होता. या गनांचे आकडे दोन असतात. नट आवळायचा एक आणि आवळलेला नट सोडवायचा एक. सोडवायचा नेहमी मोठा, आणि डब्यावर ठळक छापतात तो हाच. साडूंचे सोळाशे हे सोडवायचे होते! आवळायचे हजारच. दोन रात्री मला शांत झोप लागली. तिसऱ्या रात्री वीस व्होल्टची काळजी सुरू झाली, कारण मी पाहत होतो त्या सगळ्या अठराच्या. शेवटी पुण्याच्या भाच्यानं उलगडा केला. आत पाच सेल ओळीनं जोडलेले असतात. एकेक सेल नेहमीच्या कामात तीन पूर्णांक सहा व्होल्टचा, ताजा चार्ज केला की चारचा. तीन पूर्णांक सहा पाच वेळा म्हणजे अठरा, पाच चोक वीस. वस्तू तीच. लग्नाच्या फोटोवरून वय सांगावं तसे काही जण वीस सांगतात, काही संसारातलं अठरा सांगतात. मी साडूंना फोन लावून हे ऐकवलं. ते म्हणाले, "आमची पिवळी आहे."

कारण तिथं रंगांचेही पक्ष आहेत. बॉशवाले निळे, डीवॉल्टवाले पिवळे, मिल्वॉकीवाले लाल, मकितावाले हिरवट निळे. एका रंगाची बॅटरी दुसऱ्या रंगाला बसत नाही. म्हणजे ही खरेदी नव्हे, सोयरीक. एकदा जुळली की पुढचं ड्रिल, ग्राइंडर, करवत, सगळे पाहुणे त्याच घरचे.

तर बोहरी आळी. दुकानदार मोजकं बोलणारा होता. त्यानं काउंटरवर तीन गना ठेवल्या: चार सूत, सहा सूत, आठ सूत. हे त्यांच्या चौकोनी तोंडाचं माप. आठ सूत म्हणजे एक इंच. मी अर्थात आठ सुतीला हात घातला. ती उचलली, आणि उचलली एवढंच. बॅटरीसकट दहा किलोंच्या आसपासचं ते धूड छातीशी धरून मी तिघा गिऱ्हाइकांकडे पाहून हसलो. हसताना चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"चालवणार कोण?" हा प्रश्न तेव्हाचा.

माझं उत्तर ऐकून दुकानदारानं मशीन माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसं. म्हणाला, "साहेब, चाक जमिनीपासून वीतभर. माणूस उकिडवा बसतो. दहा नट म्हणजे दहा वेळा हे उचलून समोर धरायचं. चालवणाऱ्याला आणलंत का?"

आणलं नव्हतं. मामा दुकानापासून तीन किलोमीटरवर, मार्केट यार्डात माझाच गूळ उतरवत होते.

सहा सूत घेतली. ट्रॉलीला चार सुतीही चालली असती, पण ट्रकला कमी पडली असती. आणि चार सुतीला जोड लावून मोठी गोटी बसवली की ठोक्याचा जोर जोडातच मुरतो, असं तो म्हणाला. गोटी म्हणजे सॉकेट. माझ्या घरी चकचकीत गोट्यांचा एक संच आहे, तो चालेल का विचारलं, तर त्यानं खणातून एक फुटकी चकचकीत गोटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आरशासारखी चमक, आणि एका कोपऱ्यापासून काठापर्यंत केसासारखी चीर. "ही हातानं फिरवायची. गनचा ठोका सोसत नाही." गनच्या गोट्या काळ्या, जाड भिंतीच्या, दिसायला अगदी सामान्य. पैसे देताना मी मनातल्या मनात एका नव्या टायरची किंमत मोजली. आकडा टायर ओलांडून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये उद्घाटन. मामा होते, क्लीनर पोरगा होता, दोन ट्रॅक्टरवाले होते, आणि 'सहज आलो होतो' असं म्हणणारी आणखी सहा-सात माणसं होती. मी गॉगल लावला होता. आमचा ट्रक १९९८ सालचा. दर पासिंगला आम्ही त्याचं श्राद्ध घालायची तयारी करतो आणि दर पासिंगला तो पास होतो. त्याच्या उजव्या चाकापासून सुरुवात केली. गोटी नटावर बसवली, बटन उलट बाजूला ढकललं, घोडा दाबला. टकटकटकटक! ही गन नट पिळत नाही. आत एक हातोडा असतो, तो फिरत येऊन ऐरणीला मिनिटाला हजारो ठोके देतो. त्यामुळे नटाला जोर बसतो, पण मनगटाला पीळ पडत नाही. दहा नट मिनिटभरात माझ्या पायाशी. पोरानं शिट्टी मारली. मी गॉगल काढून पुसला आणि पुन्हा लावला.

मग डावीकडं गेलो. गोटी बसवली. घोडा दाबला. टकटकटकटक. नट ढिम्म.

"जाम झालाय," मी प्रेक्षकांना सांगितलं.

"धाकलं मालक," मामा म्हणाले.

"थांबा मामा." टकटकटकटकटक.

"धाकलं मालक, जरा—"

"मामा, हजारची आहे ती. जाईल कुठं?" टकटकटकटकटकटक...

"धाकलं मालक!"

ठाण्ण! नट गेला, गोटी फिरली, आणि अर्धा स्टड टणटण करत शेडच्या पार कोपऱ्यात जाऊन कुत्र्याजवळ पडला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा खाली बसले आणि मोडलेल्या तुकड्यावरून बोट फिरवत शांतपणे म्हणाले, "डाव्या अंगाचं आटं उलटं हायत. जुन्या गाड्यांना असत्यात. पळताना चाकानं नट ढिला हू ने म्हनून. तुमी सोडत न्हवता, आवळत व्हता."

"मग सांगायचं नाही का?"

"तीनदा सांगितलं की. मालक म्हनून हाक मारली, म्हंजे सांगितलंच."

त्या संध्याकाळी मी गाडीचं पुस्तक काढलं. वडिलांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आपण विकत घेतलेली वस्तू बरोबर असून चूक गाडीची आहे, असं काही त्यात सापडतंय का, हे पाहायचं होतं. सापडलं वेगळंच. आवळण्याच्या आकड्याभोवती वडिलांनी पेन्सिलनं गोल केला होता. सहाशेच्या आसपासचा आकडा. मला ढेपांची सवय लागलेली. म्हटलं, मामा उड्या मारून सोडवतात, आवळतात कसे? आवळताना ते उडी मारत नाहीत. पाईपच्या टोकावर नुसते उभे राहतात, मनात एक-दोन मोजून उतरतात. मामांचं वजन बावन्न किलो. लग्नात होतं तेवढंच आज आहे. त्यांचा पगार मी देतो, तेव्हा ते वाढायचं कारण नाही. पाईप चार फूट. बावन्न गुणिले पावणेदहा गुणिले एक पूर्णांक बावीस.

सहाशे अठरा.

मी दोनदा गुणाकार केला. तो पाईप वडिलांनी कापला होता, विहिरीच्या उरलेल्या तुकड्यातून. करवतीची खूण अजून आहे. त्यांनी मोजून कापला, की सीटमागं बसावा म्हणून कापला, हे आता कुणाला विचारणार? मामांना विचारलं तर म्हणाले, "मालकांनी दिला, म्या घेतला."

पुस्तकात खाली आणखी एक ओळ होती. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर गेलं की सगळे नट पुन्हा तपासावेत. ही ओळ मी सकाळी मामांना मोठ्यानं वाचून दाखवली. ज्ञान वाटायची हौस अजून फिटली नव्हती.

"म्हनून तर लिंब फाट्याला थांबतो की," मामा म्हणाले.

लिंब फाटा. कराडहून पुण्याला निघालं की साठेक किलोमीटरवर, सातारा ओलांडून. हिशेबाच्या वहीत चौदा वर्षं वरचेवर एक ओळ येते: लिंब फाटा, चहा. आणि तिच्यापुढं माझं तांबड्या पेनचं प्रश्नचिन्ह. गेल्या तीन वर्षांपासून गाडीला ट्रॅकर आहे. गाडी थांबली की माझ्या फोनवर ठिपका लाल होतो. लिंब फाट्यावर अकरा मिनिटं, नऊ मिनिटं, तेरा मिनिटं. तेरा मिनिटांना मी फोन केला होता. "मामा, चहाला तेरा मिनिटं?" ते म्हणाले होते, "गरम व्हता." पुढच्या खेपेपासून ठिपका आठ मिनिटांत हिरवा व्हायला लागला, आणि मी हे घरात सांगितलंही होतं: लक्ष ठेवलं की माणसं सुधारतात. आठ मिनिटांत सहा चाकांचे नट कसे तपासून होतात, ते मला माहीत नव्हतं. आता कळलं, की एकट्यानं होत नाहीत. पोरगा उजवी बाजू बघतो, मामा डावी, आणि चहा धावत्या गाडीत पितात.

मी साडूंना यातलं काही सांगितलेलं नाही.

नवा स्टड बसला. त्या आठवड्यात गुळाच्या खेपेला मीही गाडीत बसलो. माझ्या मांडीवर गन, नवी कोरी, डब्यासकट. लिंब फाट्याला मामांनी गाडी बाजूला घेतली. मी तत्परतेनं डबा उघडला.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "सोडायला लई झ्याक हाय. गुडघा वाचला माझा. पर आवळताना तिला कुटं थांबायचं त्ये कळत न्हाई." आणि सीटमागून पाईप काढला.

मोडलेल्या स्टडच्या जागी नवा नट होता, डावीकडं. पाना लावला, पाईप चढवला. मामांनी डावा पाय उचलला, तसा मी पुढं झालो. "मामा, गुडघा सांभाळा. मी उभा राहतो." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पावणेतीन ढेपा कामी येणार होत्या.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नगा," ते म्हणाले. "तुमी जास्त हुतासा. परत मोडंल. नुस्ता हात ठेवा आन् दाबा. म्या सांगतो कवा थांबायचं."

मी हात ठेवले. उलट्या बाजूला, हे त्यांनी न सांगता. पाईप गार होता आणि टोकाला, जिथं इतकी वर्षं चपला टेकल्या, तिथं चांदीसारखा घासलेला होता. मी दाबत गेलो. "अजून. अजून. बास."

चहा आला. तीन. आम्ही तो उभ्यानं प्यालो, आणि मी फोन खिशातून काढला नाही. पैसे द्यायला लागलो तर मामांनी दिले. गाडीत बसल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरची वही काढली आणि निळ्या पेननं लिहिलं: लिंब फाटा, चहा ३.

मग थोडा विचार केला आणि हात पुढं केला.

"त्ये तांबडं पेन द्या बरं जरा."

मी दिलं. त्यांनी त्या ओळीपुढं नीट, ठसठशीत, अगदी माझ्या वळणाचं एक प्रश्नचिन्ह काढलं, पेन मला परत दिलं आणि गाडी चालू केली.